हुरड्याचं पेज

९ डिसेंबर

आजचा फोटो टाकला. बोरीच्या झाडाखालून, नेहमीच्याच जागेवरून. खाली दोन ओळी — कणीस दुधातनं पुढं सरकलं, रविवारी आगटी पेटेल. बस्स. एवढंच टाकायचं असतं.

माझी भाची पायल, कॉलेजसाठी माझ्याकडंच राहते, शेजारी बसून पोहे खात होती. म्हणाली, आत्या, कालच्या फोटोत आणि आजच्या फोटोत काय फरक आहे गं? म्हटलं, एका दिवसाचा. ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला!

विनोद कसला. पेरणीपासून रोज एक फोटो, एकाच जागेवरून. माझा भाऊ अजिनाथ पहाटे पाखरं राखायला रानात गेला की काढतो आणि मला पाठवतो. मी इथं सोलापुरात चहा उकळेपर्यंत दोन ओळी लिहिते. ज्वारी वितभर होती तेव्हापासून लोक बघतायत. शेजारच्या वच्छलाकाकू रोज दारातून विचारतात, आज कुठवर आली? त्यांची नात असल्यासारखी!

पेजचं नाव 'आबांचा हुरडा'. मीच ठेवलं. आबा, आमचे वडील, गेले त्या साली अजिनाथनं रविवारच्या हुरडा पार्ट्या सुरू केल्या आणि पेज माझ्या गळ्यात पडलं. मी कॉलेजच्या लायब्ररीतली कारकून, मार्केटिंग कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. एवढं कळत होतं की रानात जे असेल तेच सांगायचं. गेल्या वर्षी ढगाळ हवेनं कणसं काळी पडली, तेव्हा सरळ लिहिलं — या रविवारी येऊ नका, हुरडा चांगला नाही. अजिनाथ हादरला. पण पुढच्या रविवारी तीच माणसं आणखी चार जणांना घेऊन आली.

रानावर माझं नाव नाही. हक्कसोड मी आपणहून केली, त्याचं दुःख नाही. पण हे पेज आहे म्हणून रोज सकाळी माहेरचं काहीतरी फोनवर येतं. नाहीतर काय, दिवाळी ते दिवाळी.

१० डिसेंबर

आज नळाला पाणी. पाच दिवसांनी! भांडी, पिंपं, बादल्या — फोटो टाकायला दहा वाजले. वच्छलाकाकूंनी दोनदा विचारलं.

१४ डिसेंबर, रविवार

पहिली आगटी! सकाळी यांच्या मोटारसायकलवर मोहोळच्या अलीकडचं आमचं रान गाठलं. थंडी मस्त होती. अजिनाथनं बांधाकडेला खड्डा काढून गोवऱ्या पेटवल्या होत्या. सुकन्यावहिनी शेंगाचटणी, दही, गूळ मांडून बसली होती. गरम कणीस हातावर चोळलं, तो वास आला — झालं, मी परत दहा वर्षांची.

तेव्हा रस्ता आमच्या बांधाला लागूनच होता. आबा बांधावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे — ओ पाव्हणं, हुरडा खाऊन जावा! सायकलवाला, बाजारकरी, मास्तर, मेंढरं घेऊन निघालेला धनगर, कुणीही असो. एकदा तर एसटी थांबवली. ड्रायव्हर म्हणाला टाइम न्हाई. आबा म्हणाले, हुरड्याला तरी कुटं टाइम हाय, आठ दिवसांत निब्बर होतोय! अर्धी गाडी खाली उतरली. मी आणि अजिनाथ पळत पळत कणसं मोडून आणत होतो. हात काळे, तोंडं काळी. आई मागून म्हणत होती, लेकरांपुरता तरी ठेवा. त्या दिवशी मला वाटलेलं, आपण लई श्रीमंत आहोत.

आबांनी हुरडा कधी विकला नाही. हुरडा विकतात हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आता विकतो. जमाना बदलला, पायलचं कॉलेज आहे, मला पटलेलं आहे ते. तरी पाहुण्यांनी पैसे काढले की मी दुसरीकडं बघते.

आज चटया निम्म्या रिकाम्या. पलीकडच्या वस्तीवर झोपाळे, डीजे, फोटोसाठी पंख रंगवलेली भिंत, आणि गाड्यांची ही रांग! त्यांच्या रानात तर सगळा ऊस. हुरडा कुठनं आणतात देव जाणे. अजिनाथ त्या रांगेकडं बघत उभा होता. म्हणाला, अक्का, तुझं पेज चांगलं हाय, पण बघणारी माणसं तीच ती हायत की. त्यानं यंदा पेरणी चार टप्प्यांत केली आहे. एक तुकडा निब्बर होईस्तोवर दुसरा हुरड्यात येतो, म्हणजे जानेवारीअखेर रविवार निघतात. पण खायला माणसं नकोत का? सोलापुरात सात रस्त्याला शिवशरण म्हणून एक पोरगा दुकानांची पेजं चालवतो, त्याला भेटून ये म्हणाला.

मला राग आला. घरी येईपर्यंत यांच्याशी बोलले नाही. यांचा बिचाऱ्यांचा काय दोष!

१५ डिसेंबर

फोटो टाकला. "पहिली आगटी झाली." पायल म्हणते आत्या, निदान एक इमोजी तरी. टाकली नाही.

१७ डिसेंबर

शिवशरणकडं जाऊन आले. मोबाईलच्या दुकानावर ऑफिस, जिना एवढा अरुंद की बाईनं साडी सावरावी का पर्स सांभाळावी! मी भांडायच्या तयारीनं गेले होते. पोरगा निघाला गुणी. आधी पेज शेवटपर्यंत बघितलं, पेरणीपर्यंत मागं गेला, मग मान वर केली.

म्हणाला, मॅडम, एका जागेचा रोज एक फोटो, हे कुणाला सुचत नाही. याला हात लावू नका. माझी मान ताठ! मग म्हणाला, पण घर एवढं चांगलं बांधून तुम्ही दार ठेवलं नाहीत. नवीन माणूस आत येणार कुठून? ट्रेंड म्हणजे दार. गाणं चाललंय ते घ्या, लोकं आत येतील, आत आल्यावर घर तुमचंच दिसू द्या. आठवड्यात सहा दिवस तुमचं, एक दिवस ट्रेंडचा. आणि ट्रेंड तुमच्या तोंडी शोभत नसेल तर तो सोडून द्यायचा, पुढचा येतोच.

मी विचारलं, रोजच ट्रेंड केला तर? हसला. म्हणाला, मग उद्या तुमचं गाणं लोकांना आठवेल, तुम्ही नाही.

बोलणं खोटं नव्हतं, हेच टोचलं. घरी येऊन पायलला सांगितलं, आठवड्याला एक रील, तेही मला दाखवून. तिनं मला उचलूनच घेतलं, सणकली कंबर माझी!

२१ डिसेंबर, रविवार

पायलनं रानात रील काढलं. आधी तीन कल्पना मी हाणून पाडल्या. एकीत ती कणसाचा माईक करून नाचणार होती. दुसरीत अजिनाथनं गॉगल लावून चालत यायचं होतं. अजिनाथ म्हणाला, गॉगल लावून पाखरं कशी दिसायची मला?

मग ती स्वतःच बांधावर जाऊन उभी राहिली. ते सध्या जिकडं तिकडं वाजणारं गाणं, त्यावर ती नुसती केस उडवत उभी. मी म्हणणारच होते नको — तर गाणं थांबतं, ती हायवेकडं तोंड करून दोन्ही हात तोंडाशी धरते आणि हाक मारते. ओ पाव्हणं! हुरडा खाऊन जावा की!

तिला कुणी शिकवलं? लहान असताना ऐकलं असणार. तोच चढ, 'णं' वर तसाच लांबवलेला सूर. अजिनाथ आगटीपाशी वाकला होता, तो तसाच राहिला. मी पदर डोळ्याला लावला, धूर गेला म्हटलं. टाक म्हणाले. मीच म्हणाले.

२३ डिसेंबर

काय होऊन बसलंय हे! पायल ओरडत आली, आत्या, दहा लाख! मला वाटलं काही हरवलं. दहा लाख लोकांनी बघितलं! लायब्ररीत मुलं येऊन म्हणतात, मॅडम, तुमचा हुरडा का तो? प्राचार्यांनीसुद्धा केबिनमधून हाक मारली — ओ पाव्हणं! आयुष्यात पहिल्यांदा हसले ते माझ्याशी.

आणि लोकांनी काय काय लिहिलंय. एकजण दुबईहून — माझे चुलते अशीच हाक मारायचे, आज जेवण गेलं नाही. एक माळशिरसकडच्या बाई — आमच्याकडं 'पाव्हणं' नाही, 'ओ दाजी' म्हणायचे, पण हुरडा तोच. मी एकेक वाचत बसले, भाजी करपली. आबांना जाऊन चार वर्षं झाली. एवढ्या माणसांनी एका दिवसात त्यांचा सूर ऐकला. मला आबा परत गावात आल्यासारखं वाटलं.

एकानं विचारलं होतं, फुकट आहे का? त्यावर पायलचं उत्तर — पाव्हण्याकडनं कोण पैसे घेतंय व्हय! आमच्यात असंच बोलतात. मी पण हसले आणि त्याला लाइक केलं.

२४ डिसेंबर

फोन, फोन, फोन. अजिनाथचं बुकिंग भरलं! वहिनी म्हणते चटया उसन्या आणाव्या लागणार.

२८ डिसेंबर, रविवार

लिहितेच.

सकाळी पोचलो तर हायवेपासून आत रांग. आधी छाती फुगली! मग बघितलं, बुकिंगची माणसं कुठली आणि ही कुठली? रिक्षा भरून आलेली, टेम्पोत बसून आलेली, कडेवर लेकरं घेतलेली. सगळी हसत हसत बांधावर येतायत आणि म्हणतायत, हाक मारली, आलो! मला काही समजेना. मग एका गृहस्थानं अजिनाथपुढं मोबाईल धरला. पायलचं ते उत्तर. कुणीतरी तेच कापून पुढं पाठवलेलं, खाली रविवारची वेळ आणि पत्ता. गृहस्थ वाईट नव्हते. म्हणाले, तुमच्याच पेजवर लिहिलंय की हो. खोटं आहे का?

पायल पांढरी पडली. मी पुढं झाले, म्हटलं मी समजावते सगळ्यांना, चेष्टेत लिहिलं होतं. तेवढ्यात मोडनिंबकडचं एक म्हातारं जोडपं दिसलं, एसटीनं आलेलं, हायवेपासून चालत. म्हातारा अजिनाथला म्हणाला, फुकटाला न्हाई आलो लेकरा, किती देऊ सांग, पर चाळीस वर्सांत मला कुणी अशी हाक मारली न्हाई. त्यानं खिशात हात घातला आणि अजिनाथनं त्याचा हात धरला.

मग अजिनाथ माझ्याकडं वळला. एवढंच म्हणाला, "अक्का, बांधावर आलेला पाव्हणा आपण कदी मागं धाडलाय?"

आणि सगळ्यांना बसवलं. सगळ्यांना! बुकिंगवाल्यांचेही पैसे घेतले नाहीत. एकाच चटईवर एकाकडनं घ्यायचे आणि दुसऱ्याकडनं नाही, असं कसं करायचं? दुसरा तुकडा दुपारच्या आत संपला. माणसं येतच होती. शेवटी तो तिसऱ्या तुकड्यात शिरला. पुढच्या दोन रविवारांचा तुकडा, कणीस अजून दुधात! कोवळी कणसं आगटीत टाकली की नुसता लगदा होतो. मी म्हटलं अजिनाथ, नको. त्यानं ऐकलं नाही. कणसं मोडताना ज्वारीच्या ताटांतून आवाज येत होता, मला ऐकवेना.

लोक खूश होऊन गेले. फोटो काढले, हात धुतले, पुन्हा येतो म्हणाले. काहींनी नावं ठेवली, हुरडा पाणचट आहे म्हणे! ते पण बरोबरच होतं, पाणचटच होता. वहिनी दुपारचं जेवलीही नाही.

आणि तरी खरं लिहायचं तर — मधे एकदा सगळीकडं धूर, लेकरं, माणसांच्या पंगती, अजिनाथ पळत पळत कणसं आणतोय, हात काळे, तोंड काळं — क्षणभर मला फार फार बरं वाटलं. अशा वेळी असं वाटणं चांगलं नाही. पण वाटलं.

२९ डिसेंबर

सकाळी फोटो आला नाही. फोन आला.

अजिनाथ ओरडत नाही कधी, आजही ओरडला नाही. म्हणाला, दोन रविवारांचं बुकिंग परत करावं लागणार, रानात काही राहिलं नाही, फक्त शेवटचा तुकडा. मी म्हटलं चूक झाली, पायल लहान आहे, मी बघायला हवं होतं. तो म्हणाला, पायलचं न्हाई गं. मग म्हणाला,

"आबांची हाक तू इकायला काढलीस, अक्का. मी पण काढली. ती इकायची वस्तू न्हवती."

नाव मी ठेवलं, फोटो मी टाकले, आबांची आठवण काढून लोक यावेत म्हणून ओळी मीच लिहिल्या. मला वाटत होतं मी आबांना जपतेय.

पुढं म्हणाला, धंदा धंद्यासारखा करू, आबा त्यात नकोत, पेज शिवशरणला देऊ. पासवर्ड दे.

३० डिसेंबर

पायल रडतेय. मी जवळ घेतली नाही. उद्या घेईन.

३१ डिसेंबर

घेतली.

माझ्या मनात काल काय काय आलं! पासवर्ड देण्याआधी सगळे फोटो उडवून टाकावेत. आई गं, किती वाईट असतं माणूस! मग पहिल्या पेरणीपासूनचे फोटो बघत बसले. बोरीच्या झाडाची फांदी दरसाल थोडी खाली आली आहे, हे मला आजच दिसलं. उडवणार कशी?

तिसऱ्या तुकड्याचं मात्र खरं ते लिहिलं. शेवटचं माझं — "हुरडा संपला. चूक आमची झाली. पुढचे दोन रविवार येऊ नका." मग पासवर्ड पाठवला. अजिनाथनं अंगठा पाठवला. भावाबहिणीचं बोलणं आता अंगठ्यावर आलं.

३ जानेवारी

सकाळी चहा ठेवला आणि सवयीनं फोन हातात घेऊन उभी राहिले. चहा उतू गेला.

८ जानेवारी

पेजचं नाव बदललं. 'ग्रीन व्हॅली हुरडा पॉइंट'! मोहोळला व्हॅली! दरी शोधायची तर घाटापर्यंत जावं लागेल. वच्छलाकाकू विचारत आल्या, तुमची ज्वारी कुठं गेली गं? त्यांना वाटलं त्यांचाच मोबाईल बिघडला.

शिवशरणला फोन केला. तो बिचारा म्हणाला, मॅडम, मी दादांना सांगितलं नाव नका बदलू, इतक्या वर्षांची ओळख आहे. रोजचा फोटोही चालू ठेवा म्हटलं. त्यांनीच नको सांगितलं. म्हणाले आमच्या वडिलांचं काही नको.

त्याच्यावर चिडायचं ठरवून फोन केला होता, तेही जमलं नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांत, आज पायलला घेऊन गड्ड्याच्या जत्रेला गेले. पाळणे, भांडी, बांगड्या, कंदी पेढे, तोच गलका. आबा दरवर्षी आम्हा दोघांना गड्ड्यावर आणायचे. अजिनाथ पाळण्यात बसायला भ्यायचा, मी त्याचा हात धरून बसायची. आज पायल म्हणाली आत्या, चल पाळण्यात, रील नाही काढत, शपथ. बसलो. वर गेल्यावर ती हळूच म्हणाली, बाबा माझ्याशी बोलतात पण हसत नाहीत. मी म्हटलं, माझ्याशी पण तसंच आहे गं. आम्ही दोघी तशाच वर लटकून बसलो, खाली माणसं चढायची होती.

२० जानेवारी

पेजवर नवीन रील. गाणं, दोन पोरी, टोप्या. छान आहे खरं तर. पण मागं ज्वारी कुणाची आहे ओळखू येत नाही.

२७ जानेवारी

लायब्ररीत एका मुलानं विचारलं, मॅडम, ते पाव्हणंवालं पेज बंद झालं का? म्हटलं नाव बदललंय. तो म्हणाला, हां, मग सापडलं नाही. दहा लाखांतला एक!

१ फेब्रुवारी, रविवार

शेवटचा तुकडा, शेवटची आगटी. मी न सांगता गेले. वहिनीनं हातात कणीस ठेवलं आणि दही दोनदा वाढलं. एवढ्यावर मी विरघळले.

गर्दी चांगली होती, शिवशरणचं काम चोख आहे. माणसं आली, खाल्लं, फोटो काढले, गेली. अजिनाथ प्रत्येकाला हात जोडून या बसा म्हणत होता. त्याचं ते हसणं मी ओळखते. लग्नात अहेर देणाऱ्याशी हसतात ना, तसलं. कुणीतरी त्याला ती हाक मारून दाखवा म्हणालं. मारेल की काय असं वाटून मी आगटीकडं बघत बसले. त्यानं घसा बसलाय सांगितलं.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं बांधावर बसलो. सरत्या तुकड्यातली चार कणसं त्यानं माझ्यासाठी राखून ठेवली होती. स्वतः चोळून दिली. किती वर्षांनी!

म्हणाला, "आबा पाव्हणं बोलवायचे. मी गिऱ्हाईक बोलवतोय. पर बांध त्योच हाय गं, अक्का, तितंच अडकतंय."

मी म्हटलं, नाव परत बदलू. रोजचा फोटो परत सुरू करू. आबांना मधे आणायचं नाही, नुसतं रान दाखवायचं. हाक विकायची नाही, कणसं विकायची. तो ऐकत होता. मान हलवत होता. पलीकडच्या उसात तोडणीची टोळी लागली होती, ट्रॅक्टर भरत होते. तो म्हणाला, ऊसवाल्याचं बरं असतंय, टोळी येती, तोडून नेती, कुणाला हसून दाखवावं लागत न्हाई. मी हसले. म्हटलं, मग तू काय ज्वारीला कारखान्यात पाठवणार का? तो पण हसला. खरंखुरं हसला! येताना यांच्याशी मी सारखी बोलत होते. हे म्हणाले, आज काय गं तोंडाला विसावा नाही?

२ फेब्रुवारी

पायलला म्हटलं, पुढच्या साली आठवड्याला एक रील तुझं. आधी मी बघणार. ट्रेंड आला म्हणून घ्यायचा नाही, आपल्या तोंडी शोभला तर घ्यायचा. ती म्हणाली, आत्या, तू अगदी शिवशरणदादासारखी बोलतेस. बोलू दे!

१९ फेब्रुवारी

अजिनाथचा फोन लागत नाही. वहिनी म्हणाली नांगरट चालू आहे, रानातच असतात.

७ मार्च

सकाळी मेसेज — पेजचा नवा पासवर्ड! लगेच फोन केला. अजिनाथ म्हणाला, पेज तुझंच हाय, अक्का, तूच चालव, आता मी मदे पडणार न्हाई. मला काय बोलू आणि काय नको झालं. फोन कानाला धरूनच पेजचं नाव बदललं, परत 'आबांचा हुरडा'. मग विचारलं, यंदा पेरणी चारच टप्प्यांत धरायची का पाच करू या?



तो म्हणाला, "सगळ्या रानात काल उसाची लागण झाली, अक्का."